घाट उलटा का चढलात, भावजी?

भावजी, काल माझ्या पोरानं, मल्लूनं, तुमची मोटार तुळजापूरच्या घाटात तोंड पुढं करून चढवली. आम्हा सगळ्यांना आत बसवून. कुणी खाली उतरलं नाही, कुणी पायवाटेनं धापा टाकत वर आलं नाही. पहिल्या गेरात गुरगुरली, इंजनातलं पाणी तापून वाफ आली, पण गेली की वर.

माणूस जाऊन महिना झाला की लोक म्हणतात, आता त्याच्या चांगल्या आठवणी काढा. चांगलं बोलायला मला येतं, तुम्हाला ठाऊक आहे. पण आज माझ्या पोटात चांगलं काही नाही. आज मला तुमचा संशय आलाय. गेलेल्या माणसाचा संशय घेऊ नये म्हणतात. पण तुम्ही होता तेव्हा सगळा संशय मी त्या बिचाऱ्या गाडीवर खर्च केला, तुमच्यासाठी काही उरलाच नाही. आता घेते.

गाडी घरी आली तिथनं सुरू करते.

रेल्वेतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची ती गाडी. मंगळवार पेठेत आपल्या दारात उभी करून तुम्ही रबरी भोंगा वाजवलात तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. पहिला प्रश्न माझा हाच, गाडी एवढी चांगली आहे तर साहेबानं विकली कशाला? तुम्ही म्हणालात, साहेब बोटीनं जाणार, गाडी काय खिशात घालून नेईल? मी म्हणाले, एवढीशीच आहे, नेलीही असती.

माझं माहेर दुधनीचं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत वडील बैल बघायचे तेव्हा त्यांच्या धोतराला धरून मी मागं असायची. बैल घेताना त्याच्याभोवती फिरावं, दात बघावेत, भोवरे बघावेत, खुराला हात लावावा, शेपूट उचलून बघावी, विकणाऱ्याचं तोंड शेवटी बघावं. तशी मी त्या गाडीभोवती फिरले. चाकं म्हणजे सायकलीपेक्षा जरा जाड. पुढं दोघं, मागं दोघं, तेही उपाशी असले तर. कातडी बैठकीला एका ठिकाणी शिवण होती, ती मी बोटानं दाबून बघितली. तुम्ही दारात उभे राहून हसत होता. म्हणालात, "वैनी, हिला शेपूट न्हाई. उगं उचलायला जाऊ नका."

हे घरातून बाहेर आले, तुमचे अण्णा. थोरल्या भावाला साजेसं तोंड करून एकदा गाडीकडं बघितलं, एकदा तुमच्याकडं, आणि म्हणाले की बैलगाडीला निदान काय झालं ते कळतं, बैल बसतो. तुमची बायको नीला दाराआड उभी होती. ती कधीच बोलत नाही, बोलायचं खातं ह्या घरात माझ्याकडं.

आता खरं तेही सांगते. सपाटीला गाडी गुणाची होती. सकाळी पुढं उभं राहून हँडल मारायचं, तेही अंगठा बाजूला ठेवून, नाहीतर उलटा झटका देऊन मनगट मोडायची. थंडीत रुसायची, मग खोकून एकदम सुरू व्हायची. क्लच सोडला की करडासारखी उडी. तुम्ही म्हणायचात, क्लच सोडायचा नसतो, लोण्यातनं सुरी काढावी तसा काढायचा. पहिला गेर ओढायला, दुसरा पेठेतल्या गल्लीला, तिसरा सडकेला. तिसऱ्यात पडली की शिवणयंत्रासारखी एकसुरी चालायची. जिथं टांग्याला घोडा काढून मागं ढकलावं लागायचं तिथं ही जागच्या जागी वळायची. मंद्रूपच्या बाजाराला जाताना काळ्या रानातला रस्ता लागला की थोरल्या मोटारी रुतून बसायच्या, आणि ही हलकी म्हणून वरच्यावर निघून जायची. पेट्रोल प्यायची ते चिमणीनं पाणी प्यावं तसं.

ब्रेक मात्र नावाला होते. पुढं म्हैस दिसली की तुम्ही लांबूनच पाय दाबायला सुरुवात करायचात, हातानं तो दांडा ओढायचात, आणि म्हैस आपण होऊन बाजूला गेली की म्हणायचात, बघा कशी थांबली. मागच्या बैठकीचं तर बोलायलाच नको. चाक खड्ड्यात गेलं की खालच्या स्प्रिंगांच्या पाट्यांचा हिसका थेट मणक्यात. बार्शीला जाऊन आलं की नीला आणि मी एकमेकींची पाठ शेकायचो. तरी मी बसायची. संशय असलेल्या गोष्टीवर डोळा ठेवायला जवळच बसावं लागतं.

आणि पहिली काही वर्षं ती घाटसुद्धा चढायची, भावजी. सगळ्यांना घेऊन, सरळ. हे मला काल वर पोचल्यावर आठवलं आणि मी मनात अडखळले. आधी चढायची, मग चढेनाशी झाली, आणि आता पुन्हा चढली. म्हातारा बैल असा पुन्हा तरणा होत नाही.

चढेनाशी कधी झाली ते मला पक्कं आठवतं, कारण त्याच दिवशी नाक्यावर तमाशा झाला होता. आपण दरवर्षीसारखं देवीला निघालो होतो. तुम्ही चाकावर, शेजारी हे, निघाल्यापासून पेंगलेले. मागं नीला, मी आणि आमच्या दोघींच्या मध्ये अंग चोरून माझा मल्लू. निजामाची हद्द लागते तिथं करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाक्याचा शिपाई डाव्या बाजूला रस्त्याला लागूनच उभा होता, हात वर करून. खांबासारखा उंच माणूस, डोक्यावर लाल पागोटं. आणि तुम्ही त्याच्या अंगाला घासून गाडी पुढं नेलीत. मी मागनं ओरडले तेव्हा कुठं थांबलात.

तो पळत आला. त्याला वाटलं आम्ही चोरीचा माल घेऊन पळतोय. त्यानं बैठका उचलायला लावल्या, शिदोरीची बुट्टी सोडायला लावली, शेंगाच्या चटणीत बोट घालून बघितलं. वर म्हणाला, "क्यूं मियाँ, मैं इत्ता लंबा आदमी, दिख्याच नई तुमना?" तुम्ही म्हणालात, ऊन डोळ्यावर आलं. ऊन तर आपल्या पाठीवर होतं. मला तेव्हा वाटलं की पेट्रोलचा वास डोक्यात जाऊन तुम्हाला गुंगी येते. म्हणजे तेव्हाही गाडीचाच दोष.

तिथनं पुढं घाटाच्या पायथ्याशी तुम्ही गाडी थांबवलीत आणि म्हणालात, सगळे उतरा. ह्यांना उठवलंत. आता हिला ओझं झेपत नाही, पेट्रोल वरपर्यंत पोचत नाही, तुम्ही पायवाटेनं या, मी एकटा वर नेतो. मल्लू म्हणाला, काका, मी बरोबर चालतो, चाकाला दगड लावायला. त्याच्यावर तुम्ही खेकसलात. तुम्ही कधी पोरावर खेकसला नव्हता. मग गाडी वळवून तिचं तोंड सोलापूरकडं केलंत, उजव्या अंगाला बाहेर वाकलात, मान मागं वळवलीत आणि उलट्या गेरात सगळा घाट चढून गेलात. आम्ही पायवाटेवरनं बघत होतो. हे म्हणाले, गाडी विकत घेतली ती चढावर आपल्याला चालवायला.

तेव्हापासून तीच रीत पडली. पायथ्याशी गाडी थांबली की आम्ही आपणहून पदर खोचायचो.

मला त्यात दोन गोष्टी पटत नव्हत्या आणि दोन्ही मी तुम्हाला तोंडावर विचारल्या होत्या. एक म्हणजे देवीला पाठ. देवळातून निघताना आपण देवीला पाठ दाखवत नाही, उलटं पाऊल टाकत बाहेर येतो. आणि तुम्ही जातानाच गाडीची पाठ पुढं करून जाता. ही कुठली भक्ती? तुम्ही म्हणालात, "पाठ गाडीची हाय की, वैनी. माझं तोंड देवीकडंच हाय, मान वळवून वळवून दुखतीया." त्यावर मी हसले. हसवलंत की माझा पुढचा प्रश्न राहून जातो, हे तुम्हाला माझ्या लग्नापासून ठाऊक होतं. तुम्ही तेव्हा पाटी-दप्तर घेऊन फिरणारे धाकटे दीर, आणि चिंचा कुणी चोरल्या ते मी विचारायला लागले की नकला करायचात.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. तुम्ही सांगत होता की टाकी मागं आणि खाली असते, गाडीचं नाक वर झालं की पेट्रोल इंजनापर्यंत चढत नाही, म्हणून गाडी उलटी न्यायची. पण पेट्रोल ओतताना नरसाळं कोण धरायचं, भावजी? मी. आधी तुम्ही एकट्यानं डबा उचलून ओतायचात, थेंब सांडायचा नाही. मग एका वर्षी म्हणालात, वैनी, जरा नरसाळं धरा, हात दुखतोय. तेव्हापासून ते माझं काम झालं. आणि नरसाळं मी कुठं धरायची? पुढं, काचेच्या खाली, इंजनाच्या डोक्यावर. मी विचारलं होतं, पुढं ओतलेलं पेट्रोल मागं कशाला जातं? तुम्ही म्हणालात, आतून नळी आहे. मी म्हणाले, मग ती नळी बदला. तुम्ही म्हणालात, बरं.

ते "बरं" मी अजून सांभाळून ठेवलंय. माणूस वाद टाळतो तेव्हा म्हणतो तसलं "बरं" होतं ते.

मग गाडीघराचा खांब. पूर्वी तिथं आपली बैलगाडी असायची. डाव्या हाताचा दगडी खांब ह्यांच्या आजोबांच्या वेळचा. गाडीचं डाव्या अंगाचं मडगार्ड त्याला दर आठ-पंधरा दिवसांनी घासायचं. तुम्ही ठोकून सरळ करायचात, पुन्हा घासायचं. एक दिवस गवंडी आणून तुम्ही खांबच पाडलात. ह्यांच्याशी केवढं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, गाडी रुंद आहे. मी मनात म्हणाले, गाडी तीच, खांब तोच, मग रुंद कोण झालं? पण तेव्हाही माझं बोट गाडीकडंच. म्हणाले की हिचं चाक वाकडं झालंय, ही डावीकडं ओढते. विकून टाका आता, म्हातारी झाली.

ह्या विकण्यावरून आपलं किती वाजलं. तुम्ही म्हणायचात, म्हातारं झालं म्हणून कुणी विकतं का. मी म्हणायची, बैल नाही विकत, त्याला जीव असतो, हिला काय आहे. आपला हा वाद मिटलाच नाही. तुम्ही छातीच्या तापानं पडलात तेव्हासुद्धा मी उशाशी बसून म्हणत होते, बरे व्हा, मग आपण ती गाडी काढून टाकू.

आता पुढच्या बैठकीचं. आज मला झोंबतंय ते हेच.

नाक्यावरच्या त्या तमाशानंतर आपण बार्शीला लग्नाला निघालो तेव्हा तुम्ही ह्यांना सांगितलंत, अण्णा, तुम्ही मागं बसा. तुम्ही शेजारी झोपलात की मलाही झोप येते. वैनीला पुढं बसू द्या, त्या बोलत राहतील. हे चिडले. भावजय दिराच्या शेजारी पुढं बसून पेठेतून जाणार, आणि मागं नीला, तिच्या शेजारी तिचे थोरले दीर? नीला तर पदर ओढून पार दाराला चिकटली. शेवटी मध्ये मल्लू आणि मल्लूच्या मांडीवर बुट्टी, अशी भिंत घातली तेव्हा गाडी हलली. पेठेतल्या बायकांनी दारं उघडून बघितलं. मला मान खाली घालावीशी वाटली आणि खरं सांगू, थोडं मिरवावंसंही वाटलं.

आणि तुम्ही मला बोलायला लावलंत. वैनी, डाव्या अंगाची ज्वारी कशी आलीय? मी सांगायची, कणीस अजून पोटऱ्यात आहे, कडेला मेंढरं आहेत, धनगर झोपलाय. विहिरीवर कोण आहे? बाई आहे, तिच्या मागं पोरगं पळतंय रस्त्याकडं. गाडी सावकाश व्हायची. मग मी त्या बाईवरनं माझ्या दुधनीच्या मावशीवर जायची, मावशीवरनं तिच्या सवतीवर. तुम्ही "हं, मग?" म्हणायचात. जरा थांबले की म्हणायचात, "बोलत ऱ्हावा वैनी. तुमी गप बसला की हिची चाल बिघडती."

मला वाटायचं, तुम्ही मला चिडवता. घरात सगळे चिडवायचे, की हिला किल्ली द्यावी लागत नाही. पण ऐकून घेणारं माणूस तुम्हीच होता. ह्यांना मी सवतीपर्यंत पोचायच्या आत झोप लागते. नीला ऐकते, पण ती दळणाकडं बघून ऐकते. तुम्ही पुढं बघत ऐकायचात आणि मध्येच विचारायचात. इतकी वर्षं मी त्या पुढच्या बैठकीवर बसून जेवढं बोलले तेवढं उभ्या जन्मात बोलले नाही. घरी आल्यावर पुढच्या फेरीसाठी गोष्टी शोधून ठेवायची.

काल घाट चढून वर गेल्यावर मल्लूनं गाडी मैलाच्या दगडाजवळ उभी केली आणि तापलेल्या इंजनात थंड पाणी ओतायला लागला. हे उतरले, पाय मोकळे करायला लागले, आणि म्हणाले, पोरानं काकाला मागं टाकलं. नीला खाली बघत होती. मी मल्लूजवळ गेले आणि विचारलं, पेट्रोल वर कसं पोचलं?

तो हसला. "अव्वा, टाकी पुढं हाय, इंजनापेक्षा उंच. पेट्रोल आपसूक खाली उतरतंय. काका सांगायचे ते थोरल्या गाड्यांचं, ज्यांची टाकी बैठकीखाली असती. आपल्या गाडीला त्याची गरजच न्हाई."

मग तू काकाला बोलला का नाहीस, म्हणून मी विचारलं. म्हणाला, मला वाटलं त्यांना ब्रेकचं भय वाटतंय आणि कबूल करायचं नाही, म्हणून गप्प बसलो. एकदा खेकसले होते, पुन्हा कोण बोलणार.

देवीपुढं उभी राहिले, पण माझं चित्त तिथं नव्हतं. माझ्या डोक्यात तुमच्या आजारपणातली एक दुपार येत होती. डॉक्टर छाती तपासायला आले होते. तपासता तपासता त्यांनी तुमच्या डाव्या बाजूनं बोट पुढं आणलं, अगदी पापणीजवळ. तुम्ही पापणी लववली नाही. त्यांनी विचारलं, ह्या डोळ्यानं दिसतं का? तुम्ही म्हणालात, ते जुनं आहे, तुम्ही छातीचं बघा. मी पाण्याचं भांडं घेऊन तिथंच उभी होते. ऐकलं, आणि त्यातलं फक्त छातीचं ऐकलं.

आज सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी गाडीघरात गेले. दार उघडून तुमच्या जागेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. हातातलं चाक केवढं पातळ आहे, भावजी, मला वाटायचं जाडजूड असेल. मी डावा डोळा हातानं झाकला आणि समोर बघितलं. पुढचं सगळं दिसलं, पण डाव्या अंगाचं मान वळवल्याशिवाय काही दिसेना. पाडलेल्या खांबाची जागा दिसेना. तिथं शिपाई उभा असता तर तोही दिसला नसता. घाट सरळ चढताना दरी डाव्या हाताला असते. मग मी उजवीकडं बाहेर वाकून मागं मान वळवली, तुम्ही वळवायचात तशी. चांगला डोळा बरोबर मागच्या चाकावर आणि त्याच्या खालच्या जमिनीवर. गाडी उलटी केली की तुमची बाजू दरीची बाजू. कड तुमच्या कोपराखाली. सगळं दिसतं.

म्हणजे गाडीला काही झालं नव्हतं. मी जिला म्हातारी म्हणत होते ती ठणठणीत होती.

तिथं बसून मला तुमचा इतका राग आला की भोंगा दाबावासा वाटला. घाटात आम्हाला उतरवलंत, ठीक. एकटे गेलात, दरीत गेलात तर एकटेच जाल म्हणून. पण मंद्रूपच्या रस्त्यावर? बार्शीच्या रस्त्यावर? तिथं पोरं धावतात, बैल उधळतात. तिथं आम्हाला घेऊन एका डोळ्यानं गाडी हाकत होता? आणि लगेच उत्तर आलं. तिथं डाव्या अंगाला मी होते. बघत होते आणि सांगत होते. विहिरीवरचं पोरगं रस्त्याकडं पळतंय, हे मी सांगितलं तेव्हा गाडी सावकाश झाली होती.

मी नीलाकडं गेले. ती पडवीत बसून डाळ निवडत होती. मी सरळ विचारलं, तुला ठाऊक होतं का? काय ठाऊक, असंही तिनं विचारलं नाही.

"व्हय अक्का," म्हणाली. "ते म्हणाले, वैनीला कळलं तर किल्ली काढून घेतील."

घेतलीच असती, मी म्हणाले.

"म्हणून तर." डाळीतला खडा काढून तिनं बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मीच पुढं बसते म्हणलं होतं. ते म्हणाले, तू बघशील, पर बोलणार न्हाईस. पुढं बोलणारं माणूस पायजे."

बस्स, एवढंच. ती पुन्हा सुपाकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तुमच्यासाठी होतं की ती जागा माझ्याकडं गेली म्हणून होतं, ते मी विचारलं नाही. तिलाही एक संशय माझ्याबद्दल बाळगू दे. मी मात्र उठायच्या आधी सुपातली मूठभर डाळ तिच्या बरोबर निवडून दिली, आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. माझ्यासाठी ते केवढं आहे तुम्हाला कळेल.

गाडीचं काय करायचं ते ठरलं नाही. हे म्हणतात, राहू दे. मल्लूच्या हातात ती चांगली चालते, डावीकडं ओढत नाही, उजवीकडं ओढत नाही. तुमच्यापेक्षा जोरात नेतो. मी त्याच्या शेजारी बसले तर सारखा म्हणतो, अव्वा, दिसतंय मला. बरोबर आहे, दिसतंय त्याला.

पण माझा जीव अडकलाय तो दुसरीकडं, भावजी. आम्हाला धोक्यात घातलंत की सांभाळलंत, त्याचा हिशोब मी देवीवर सोडला. तुम्हीही त्याचं उत्तर देऊ शकला नसता. मला फक्त एवढंच विचारायचं आहे. ते "हं, मग?" कशासाठी होतं? तुम्हाला माझं बोलणं ऐकायचं होतं की नुसता माझा डोळा हवा होता? मावशी, सवत, दुधनीचा बाजार, हे सगळं तुमच्यासाठी नुसता आवाज होता का, आंधळ्याच्या काठीच्या टकटकीसारखा? तुम्ही मेंढराची वाट बघत होता आणि मी समजत होते की तुम्ही गोष्टीची वाट बघता? मला फसवलं म्हणून राग नाही. घरात किल्ली लपवली, भाव लपवला, आजार लपवला, हे सगळे करतात. पण ती पुढची बैठक माझी होती असं मला वाटायचं. ती काठीची जागा असेल तर मला आतापर्यंतचं सगळं बोलणं परत घ्यावंसं वाटतंय.

दुपारभर मी हेच करत बसले. एक एक रस्ता आठवला. प्रत्येक वेळी तुम्ही "मग?" म्हणालात तेव्हा डाव्या अंगाला काय होतं ते आठवून बघितलं. कुठं म्हैस होती, कुठं वळण होतं, कुठं सायकलवाला. जिथं काही आठवलं तो "मग?" मी बाजूला काढला. तो डोळ्यासाठी. असे बरेच निघाले, भावजी. वाईट वाटलं.

मग बार्शीहून परत येतानाचा तो दिवस आठवला. टायरात बाभळीचा काटा शिरला होता. हे आणि मल्लू वस्तीवर पाणी बघायला गेले होते, नीला लिंबाच्या सावलीत लवंडली होती. तुम्ही गाडी जॅकवर चढवून चाक काढलंत, मातीत फतकल मारून ट्यूब मांडीवर घेतलीत आणि काट्याचं भोक बोटानं चाचपायला लागलात. मी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. तुमचं लक्ष कामात आहे, आता आपलं तोंड आवरावं, म्हणून मावशीच्या सवतीची गोष्ट मी मध्येच सोडली. तिनं देव्हाऱ्यातली घंटा विकली होती तिथपर्यंत आले होते.

तुम्ही ट्यूबवरनं मान वर केली नाही. थोडा वेळ वाट बघितलीत. मग म्हणालात, "घंटा विकली. बरं, मग त्या सवतीचं पुढं काय झालं, वैनी?"

हा एक मी सगळ्या बाजूंनी तपासून बघितला. रस्त्यावर माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. गाडी उभी होती, भावजी. तिला पुढचं डावं चाकच नव्हतं.